पांढरी डीव्हीडी

टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारतं. खर्च किती येईल आणि मॅचच्या आधी होईल का. जन्मभर मी या दोन प्रश्नांची उत्तरं देत आलो, पहिल्याचं खरं आणि दुसऱ्याचं बहुतेक वेळा खोटं. तिसरा प्रश्न मला एकदाच, उत्तनमधल्या एका बाईने विचारला. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. लिहायचंय ते त्याच दिवसाबद्दल, पण आधी थोडं धंद्याचं सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

माझं दुकान भाईंदर पश्चिमेला, मार्केटच्या आतल्या गल्लीत. एका बाजूला भांडीवाला, दुसऱ्या बाजूला फरसाणवाला, मध्ये मी आणि माझे पिक्चर ट्यूबवाले डबे. पुढे दोन हजार सात-आठच्या सुमाराला घरोघरी भिंतीवर टांगायचे चपटे टीव्ही यायला लागले. त्यात एलसीडी होते आणि प्लाझ्मा होते. एलसीडी हलका, प्लाझ्मा म्हणजे कपाट. दोन माणसं लागायची उचलायला. पण चित्र असं, की काळा रंग खरोखर काळा दिसायचा. माझ्या बरोबरीचे निम्मे मेकॅनिक त्याला हातच लावायचे नाहीत. "आपल्याला नको बाबा ही भानगड, पॅनल गेलं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं," असं म्हणायचे. मला त्यांचा संताप यायचा. न उघडता पॅनल गेलं म्हणणं म्हणजे नाडी न बघता मयताचं सामान आणायला सांगणं.

प्लाझ्मा म्हणजे दोन काचांच्या मध्ये लाखो बारीक खोल्या. प्रत्येक खोलीत गॅस आणि भिंतीला रंगीत प्रकाश देणारी पावडर लावलेली. वीज दिली की ती खोली ट्यूबलाइटसारखी पेटते. गंमत अशी की ही पावडर झिजते. जी खोली जास्त वेळ, जास्त जोरात पेटली ती जास्त झिजते. म्हणून एकच चित्र दिवसेंदिवस तसंच ठेवलं तर त्याची सावली काचेत राहते, आणि तीही फोटोच्या निगेटिव्हसारखी उलटी. जिथे पांढरं होतं तिथे काळपट, जिथे काळं होतं तिथे उजळ.

हे मला पुस्तकातून नाही, इंद्रलोक वसाहतीतल्या जिग्नेशभाईंकडे कळलं. शेअर बाजाराचा माणूस. सकाळी उठल्यापासून एकच चॅनल, ज्याच्या खाली भावांची पट्टी सरकत असते. एक दिवस फोनवर बोंब, "काका, जल्दी आओ, सेंसेक्स काच में चिपक गया!" जाऊन बघतो तर खरंच, सिरियल लावा नाहीतर आरती लावा, तळाशी पट्टीची काळपट सावली. बाईसाहेब म्हणाल्या, "आता तरी देवाचं चॅनल लावा." जिग्नेशभाई म्हणाले, "बाजार पडला तरी ही पट्टी पडत नाही." त्यांचं मराठी चांगलं होतं, फक्त संकटात हिंदी यायची.

त्यावरचा इलाज म्हणजे माझी पांढरी डीव्हीडी. तिच्यावर काहीच नाही, नुसता पांढराशुभ्र पडदा. ती दिवस-दिवस चालू ठेवायची. सगळ्या खोल्या सारख्या पेटतात, सारख्या झिजतात आणि डाग हळूहळू भोवतालात मिसळून जातो. जिग्नेशभाईंचा सेन्सेक्स तसाच पुसला. पुढे माझी सवयच झाली. कुठलाही प्लाझ्मा दुरुस्त झाला की आधी पांढरी डीव्हीडी लावायची. त्यात पॅनलचे सगळे दोष दिसतात आणि बारीकसारीक डागही जातात. गिऱ्हाईक खूश, मी खूश. याच जिग्नेशभाईंनी नंतर फ्लॅट बदलताना टीव्ही टेम्पोत आडवा घातला आणि काच तडकवली. तो मेलेला सेट माझ्या दुकानात येऊन पडला. आतली बोर्डं चांगली होती, म्हणून जपून ठेवला.

पावसाळा संपता संपता रिनाचा फोन आला. आवाजावरून तिशीच्या आतली मुलगी. लग्न होऊन भाईंदर पूर्वेला राहत होती, माहेर उत्तनचं.

"काका, आईकडचा प्लाझ्मा बंद पडलाय. दोघं येऊन गेले. पॅनल गेलं म्हणाले, एक्स्चेंजमध्ये एलसीडी घ्या म्हणाले."

"सगळे तेच म्हणतात. मी बघतो ना."

"काका, एक गोष्ट. काहीही बदला, पण काच तीच राहिली पाहिजे."

मी म्हटलं, "अगं बाई, काच बदलायची तर नवीन टीव्ही परवडेल. पण का?"

"तुम्ही या तर खरे," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. मी बायकोला म्हटलं, लोक काय काय म्हणतील नेम नाही.

मॉडेल विचारून घेतलं होतं. जिग्नेशभाईंच्या मेलेल्या सेटचंच निघालं. त्याची दोन बोर्डं पिशवीत घातली आणि राई-मुर्ध्याच्या रस्त्याने, मिठागरं मागे टाकत, उत्तनला गेलो. घर किनाऱ्याच्या अगदी जवळ. बाहेर बांबूवर बोंबील वाळत घातलेले. पडवीत रिनाचे वडील, इनास काका, जाळं विणत बसले होते. त्यांनी मान हलवली, बोलले नाहीत.

आत समोरच्या भिंतीवर येशू-मारियाची तसबीर, तिच्याखाली लाल दिवा आणि बाजूला तो प्लाझ्मा. त्याच्या पुढ्यात लाकडी खुर्चीवर रिनाची आई. फिलू मावशी. काळी साडी, हातात जपमाळ. बंद टीव्हीकडे बघत बसलेली. मी म्हटलं, "मावशी, जरा सरकता का?" सरकली नाही. पुन्हा म्हटलं, जरा चढ्या आवाजात. धंद्यात माझं तोंड गोड कधीच नव्हतं. शेवटी रिनाने तिला दंडाला धरून बाजूला बसवलं. खुर्ची हलली, पण नजर हलली नाही.

सेट चालू केला. टक् आवाज झाला, हिरवा दिवा लागला, परत टक् आणि लाल दिवा मिचमिचायला लागला. आता हे नीट ऐका. टीव्ही असा लगेच बंद पडतो म्हणजे तो मेलेला नसतो. आत कुठेतरी शॉर्ट आहे आणि आगीपासून वाचण्यासाठी तो स्वतःला बंद करतोय. त्याला पॅनल गेलं म्हणणं हा गाढवपणा.

इनास काका उठून आले. त्यांनी आणि मी मिळून सेट भिंतीवरून काढला, उभाच ठेवून मागचं झाकण उघडलं. प्लाझ्माच्या पोटात वीज बंद केल्यावरही जीव घेण्याइतका करंट साठलेला असतो. त्याला मी दोन वायरी जोडलेला साधा बल्ब लावायचो. क्षणभर उजेड पडतो आणि विझतो, मग हात घालायचा. मग मी सप्लायपासून एकेक बोर्ड वेगळं करत गेलो. डाव्या बाजूचं, म्हणजे काचेला जोर देणारं बोर्ड काढलं आणि सप्लाय टिकला. चोर सापडला. बोर्डावर हिरवट बुरशीसारखा थर, खाऱ्या हवेचं काम. समुद्र कोळ्यांना पोसतो, पण तांब्याला सोडत नाही.

इथे घाईवाले फसतात. नवं बोर्ड लावतात, बटण दाबतात, फट् करून तेही जातं. कारण त्या बोर्डाच्या पुढे आणखी छोटी बोर्डं असतात, ती शॉर्ट असली तर नवं पण जाळतात. मी ती एकेक तपासली, जुन्या टूथब्रशने स्पिरिट लावून साफ केली, पंख्याखाली सुकवली. काचेला चिकटलेल्या पट्ट्या कागदासारख्या नाजूक. एक फाटली की पॅनल खरोखरच गेलं. फोनवर रिना काचेबद्दल बोलली होती, म्हणून नेहमीपेक्षा जास्त जपून काढत होतो. माझ्या पाठीवर मावशीची नजर मला सारखी जाणवत होती.

जिग्नेशभाईंचं बोर्ड बसवलं. बटण दाबलं. टक्. हिरवा दिवा. आणि टिकला!

"रिना, चहा टाक," मी म्हटलं. त्या वयातही असं झालं की छाती फुगायची, खोटं कशाला बोलू. सवयीने पिशवीतून पांढरी डीव्हीडी काढली, प्लेयरमध्ये घातली. पडदा पांढराशुभ्र झाला, खोली उजळली.

आणि पडद्यावर डाग दिसला. चांगलाच मोठा. मी दोन पावलं मागे सरकलो, डोळे बारीक केले. एक तरुण मुलगा होता. उलटा, निगेटिव्हसारखा, केस उजळ, अंगातला शर्ट काळपट. उजवा हात वर केलेला. आणि वरच्या कोपऱ्यात दोन उभ्या काळ्या रेघा.

"अरेच्चा, डाग पडलाय की," मी म्हणालो. "काळजी नको मावशी, ही डीव्हीडी दिवसभर चालू ठेवा, पार निघून जाईल."

मावशी उठली. चालत आली ती सरळ टीव्ही आणि माझ्यामध्ये उभी राहिली आणि दोन्ही हात मागे नेऊन काचेवर टेकवले.

"पुसू नको. डाग न्हाय तो. माजा पोर हाय."

मी भिंतीवरचं बटणच बंद केलं.

मग रिनाने सांगितलं. मेल्विन तिचा धाकटा भाऊ. आखातात जहाजावर कामाला होता. तिच्या लग्नाला रजा काढून आला तेव्हा हा टीव्ही त्यानेच घेऊन दिला. परत गेला आणि तिथे अपघातात गेला. शव यायला खूप दिवस लागले, कागदपत्रं तिकडची, कोण कोणाला विचारणार. घरात रोज माणसं यायची, प्रार्थना व्हायची आणि समोर ठेवायला शव नाही. मोठा फोटोही नाही, एक पासपोर्टचा नखाएवढा. म्हणून रिनाने आपल्या लग्नाची डीव्हीडी लावली आणि जिथे त्याचा चेहरा स्वच्छ दिसतो तिथे थांबवली.

"हात वर केलेला होता ना काका. सगळे म्हणाले, बघा, निरोप घेतोय."

लोक येत होते, त्याच्यासमोर गुडघे टेकत होते. रात्र झाली तरी टीव्ही बंद करायला कोणाचा हात होईना. मयताच्या घरचा दिवा विझवत नाहीत, तसंच झालं ते. शव येईपर्यंत तो तसाच पडद्यावर उभा होता. प्लेयर साधा, स्वतःहून बंद होणारा नाही. दफन झाल्यावर डीव्हीडी काढली, पण तो काचेत राहिला. मग मावशी रोज संध्याकाळी जपमाळ झाली की टीव्हीवर रिकामं चॅनल लावायची, नुसता निळा पडदा, आणि त्यात त्याला बघायची. डीव्हीडी लावूया म्हटलं की उठून बाहेर जायची. टीव्ही बंद पडल्यापासून धड जेवतही नव्हती.

"डबल मेला असं झालं तिला," इनास काका दारातून म्हणाले. माझ्या कानावर पडलेलं ते त्यांचं पहिलं वाक्य.

आता सांगा, मी काय करायचं? टीव्ही चालू झाला होता, हात झाडून निघता आलं असतं. पण मला जे ठाऊक होतं ते या बाईला ठाऊक नव्हतं, आणि न सांगता निघणं बरोबर वाटेना.

"मावशी, बसा," मी म्हटलं. "टीव्ही बंद राहिला तर तो तिथे राहील, पण दिसणार नाही. चालू केला की दिसेल, पण दर वेळी थोडा थोडा जाईल. काचेतली पावडर झिजते, तसा तो मिसळत जाणार."

"निला पडदा लावला तरी?"

"निळा लावला तरी. हळू जाईल, पण जाईल."

ती टीव्हीकडे वळली. मग म्हणाली, "म्हंजे रोज संध्याकाली मीच त्याला पुसत होती?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. इतक्या गिऱ्हाइकांना थापा मारल्या, या बाईपुढे जीभ वळली नाही. मी होकारार्थी मान हलवली. रिना तोंडाला ओढणी लावून रडायला लागली. इनास काका आत येऊन मावशीच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

"बंद ठेवू या, आय," रिना म्हणाली. "तो राहील तरी."

"काळोखात?" मावशी म्हणाली. "काळोखात कशाला ठेवू त्याला?"

मग तिने मला विचारलं, "त्या वरती दोन रेगा कसल्या रे? रोज बगतंय मी. मला वाटला काच तडकली."

मी सांगितलं, डीव्हीडी थांबवली की कोपऱ्यात ती खूण येते. चेहऱ्यासोबत तीही काचेत राहिली.

"थांबवलेली," मावशी म्हणाली. पदराने डोळे पुसले, माझ्याकडे वळली आणि तो प्रश्न विचारला, "पुढे काय करतो तो?"

"म्हणजे?"

"हात वर केल्यावर. पुढे काय करतो?"

मला कसं माहीत असणार? मी रिनाकडे बघितलं. रिना म्हणाली, "मला नाही आठवत. त्या दिवसापासून कोणी पुढे लावलीच नाही." इनास काकांनीही मान हलवली. ज्या पोराला सगळ्या गावाने इतके दिवस डोळे भरून बघितलं होतं, तो पुढच्या क्षणाला काय करतो ते त्याच्या घरात कोणालाच सांगता येईना.

"लाव," मावशी म्हणाली.

"आय, झिजेल म्हणाले ना काका..."

"झिजू दे. मला बगायचा हाय. तूच थांबवला ना त्याला? तूच सोड."

मी माझी पांढरी डीव्हीडी काढून पिशवीत घातली. रिनाने कपाटातून लग्नाची काढली. ती माझ्या हातात दिली, मी प्लेयरमध्ये घातली. ती जागा शोधायला वेळ गेला, मंडप, केक, पाहुणे पुढे पुढे सरकत होते. मग तो आला. पांढरा शर्ट, विस्कटलेले केस. रिनाने थांबवलं आणि मेल्विन आपल्याच सावलीवर नेमका जाऊन बसला. हात वर. कोपऱ्यात दोन रेघा.

मग रिनाने बटण दाबलं.

बँडचा आवाज एकदम घरात घुसला. मेल्विनचा हात हलला. पण निरोपाचा तो हात नव्हताच! त्याने तळवा आपल्याकडे वळवून जोरजोरात हलवला, कोणालातरी बोलावत होता. ओठ हलत होते, बँडमुळे ऐकू येत नव्हतं, पण एवढं मलाही कळलं: "आय! ये ना!" मग तो कॅमेऱ्याबाहेर पळाला. कॅमेरावाला आळशी, तो बँडवाल्यावरच थांबला. आणि मेल्विन परत आला तो फिलू मावशीला हाताला धरून ओढत. तिच्या एका हातात तळलेल्या फुग्यांची, त्या लग्नातल्या गोडसर गोल वड्यांची, थाळी. त्याने ती काढून इनास काकांच्या हातात कोंबली आणि आईला घेऊन नाचायला लागला. मावशी लाजत होती, पदर सावरत होती, आणि हसत होती.

खुर्चीवरची मावशी उभी राहिली. "मला बोलवत होता," ती म्हणाली. "इनास, मला बोलवत होता तो! मेला, साडी फाडली असती माजी त्या दिवशी!" आणि ती हसता हसता अशी रडायला लागली की इनास काकांनी तिला मिठीत घेतलं. मलाही रडू आलं. मेकॅनिकने रडू नये असा काही नियम नाही.

जाताना मावशीने मला वाळलेल्या बोंबलांची जुडी दिली. दुसऱ्या दिवशी रिनाचा फोन आला, आय जेवली. मी दुकान उघडून बसलो, पण काम सुचेना. पांढरी डीव्हीडी त्यानंतरही वापरली, पण आधी विचारायला लागलो, "हा डाग घालवायचाय ना नक्की?" लोक हसायचे. हसू देत.

पुढच्या पावसाळ्यानंतर रिनाने परत बोलावलं, खाऱ्या हवेने बोर्ड पुन्हा धरलं होतं. साफ करून सेट चालू केला तेव्हा निळा पडदा आला. मी नीट बघितलं. माझी नजर या धंद्यातली, रंगातला उन्नीस-बीसचा फरकही सुटत नाही. चेहरा नव्हता. शर्ट नव्हता, हात नव्हता. कोपऱ्यातल्या रेघाही गेल्या होत्या. मी वळून मावशीकडे बघायला घाबरलो.

"न्हाय दिसत ना?" मागून मावशी म्हणाली. "मला ठाव हाय. नाच बगून बगून गेला तो."

मी रिमोट तिच्या हातात दिला. ती माझ्या शेजारी स्टुलावर बसली, मला म्हणाली, "बस जरा, आता नाचायला मी येतंय," आणि तिने डीव्हीडी चालू केली.